मोटारीची पहिली प्रवासिनी

वेगाचे आकर्षण मनुष्यास फार पूर्वीपासून आहे. एखादी वेगवान गाडी दिसली की आपले लक्ष प्रथम तिच्या इंजिनाकडे जाते. परंतु जी गाडी धावू शकते, पण योग्य जागी थांबू शकत नाही, तिचा उपयोग काय? घाटाच्या उतारावर प्रवाशांचे प्राण इंजिनाच्या नव्हे, तर ब्रेकच्या स्वाधीन असतात. मोटारगाडीच्या अगदी बाल्यावस्थेत हे सत्य ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवाने जाणले आणि त्यावर तेथल्या तेथे उपाय योजला, त्या कोणी पदवीधर यंत्रशास्त्रज्ञ नव्हत्या. त्या एक गृहिणी होत्या. त्यांचे नाव बेर्था बेंझ.

बेर्था यांचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतात, फॉर्ट्सहाइम या गावी झाला. वडील सुतारकाम व बांधकाम यांच्या व्यवसायात पुढे आलेले सधन गृहस्थ होते. मुलींना विश्वविद्यालयाची दारे त्या काळी बंद होती. तथापि यंत्रांविषयीचे बेर्थाचे कुतूहल कोणत्याही दाराने अडले नाही. पुढे तिची ओळख कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी झाली. कार्लपाशी कल्पना होत्या, कष्ट होते. नव्हता तो पैसा. मानहाइम येथे 1871 साली काढलेल्या त्यांच्या कारखान्यातील भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बेर्थाने लग्नापूर्वीच आपला स्त्रीधनाचा भाग मागून घेतला आणि त्या पैशाने भागीदाराचा हिस्सा कार्ल यांना विकत घेता आला. 1872 साली दोघांचा विवाह झाला.

संसाराची पहिली वर्षे ओढगस्तीची गेली. तरीही कार्ल बेंझ यांनी आपला ध्यास सोडला नाही आणि बेर्थाबाईंनी त्यांचा हात सोडला नाही. अखेर 29 जानेवारी 1886 रोजी घोड्यावाचून चालणाऱ्या तीन चाकी गाडीसाठी कार्ल बेंझ यांनी पेटंटचा अर्ज केला. त्या पेटंटचा क्रमांक होता 37435. शोध तर लागला; पण गिऱ्हाईक कोठे होते? लोक गाडीकडे कौतुकाने पाहत, तिच्या आवाजाला भीत आणि आपल्या घोड्यांकडे परतत. ही गाडी गावाबाहेर लांबचा पल्ला गाठील, असे कोणालाच वाटत नव्हते. कार्ल बेंझ स्वभावाने अतिशय चोखंदळ असल्याने गाडीत अजून सुधारणा हव्यात, असे म्हणून तेही थांबून राहत. घरची पुंजी त्या गाडीत गुंतलेली होती. गाडी खपली नाही, तर इतक्या वर्षांचे श्रम मातीमोल होणार, हे बेर्थाबाईंना स्पष्ट दिसत होते.

म्हणून त्यांनी एक धाडसी बेत केला. ऑगस्ट 1888 मध्ये एके दिवशी पहाटे, पती झोपेत असताना, त्या आपल्या दोघा मुलांसह गाडी घेऊन निघाल्या. ऑयगेन पंधरा वर्षांचा, तर रिशार्ड तेरा वर्षांचा होता. जायचे होते फॉर्ट्सहाइमला, माहेरी. अंतर सुमारे 105 किलोमीटर. रस्ते घोडागाड्यांसाठी केलेले, खाचखळग्यांचे आणि चढउताराचे. वाटेत ना इंधनाची सोय, ना दुरुस्तीची.

अडचणींना तोटा नव्हता. इंधन संपले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेऊन त्यावर गाडी चालविली. इंधनाची नळी तुंबली; बेर्थाबाईंनी टोपीला लावायच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. एका तारेवरचे वेष्टन घासून गेले, तेव्हा आपल्या मोज्याचा बंद त्या तारेला गुंडाळला. साखळी सैल पडली, ती लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी तर वारंवार भरावे लागे. चढ आला की गाडी दमून जाई. मग खाली उतरून ती ढकलावी लागे.

परंतु चढापेक्षा उतार अधिक कठीण होता. चढावर गाडी थांबली तर केवळ श्रम पडतात. उतारावर ती थांबली नाही, तर जिवावर बेतते. या गाडीचा ब्रेक म्हणजे हाताच्या दांड्याने मागील चाकांवर दाबला जाणारा लाकडी ठोकळा होता. ब्रेकचे कार्य घर्षणाने चालते. ठोकळा चाकाला घासला म्हणजे चाकाच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते आणि चाक मंदावते. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर लाकूड पुरेसे होते; लांबलचक उतारांवर मात्र ते तापू लागले, झिजू लागले आणि त्याची पकड कमी होऊ लागली. दोन मुलांना घेऊन निघालेल्या त्या मातेला तेव्हा काय वाटले असेल!

बेर्थाबाईंनी धीर सोडला नाही. बाउशलोट नावाच्या खेड्यात जोडे शिवणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. चामडे चाकाला लाकडापेक्षा घट्ट धरी. शिवाय झिजले तर तेवढेच बदलता येई, ठोकळा शाबूत राही. मोटारगाडीच्या ब्रेकला अस्तर लावल्याचा हाच पहिला प्रसंग मानला जातो.

संध्याकाळी फॉर्ट्सहाइमला सुखरूप पोचल्यावर त्यांनी पतीला तार केली. काही दिवसांनी त्या गाडीनेच परतल्या आणि प्रवासात दिसलेले एकूण एक दोष पतीला सांगितले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्ल बेंझ यांनी अमलात आणली. त्याच वर्षी म्यूनिक येथील प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. पुढे हळूहळू मागणी वाढली आणि एकोणिसावे शतक संपता संपता बेंझ यांचा कारखाना जगातील अग्रगण्य मोटार-कारखाना झाला.

चामड्याच्या त्या तुकड्याने जो प्रश्न तात्पुरता सोडविला, तो पुढे अनेक बुद्धिमंतांना पुरून उरला. इंग्लंडात 1902 साली फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्यांत घासणारे तुकडे तांब्याचे होते. धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज उठे की कान किटून जावेत. त्याच देशात हर्बर्ट फ्रूड यांनी प्रथम सुती पट्ट्यांची आणि नंतर ॲस्बेस्टॉसची अस्तरे तयार केली. ॲस्बेस्टॉस उष्णतेला दाद देत नसे. परंतु त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

ब्रेकचा आवाज येतो तरी कसा? सारंगीची तार गजाच्या घर्षणाने कंप पावते, तशीच तबकडी अस्तराच्या घर्षणाने कंप पावते, आणि तो कंप आपणांस किंचाळीसारखा ऐकू येतो. म्हणून आज अस्तराच्या कडा तिरप्या कापतात, मधोमध खाच ठेवतात आणि पाठीमागे कंप शोषणारा पातळ पत्रा बसवितात. अस्तर मऊ असेल तर आवाज कमी होतो, पण ते लवकर झिजते आणि फार तापले तर पकड सोडते. त्यात धातूचे प्रमाण वाढविले तर उष्णता सोसते, पण आवाज वाढतो व तबकडीही झिजते. एक गुण वाढवावा तो दुसरा उणा होतो. त्यांचा मेळ घालणे हेच या कामातील खरे कौशल्य.

कार्ल बेंझ 1929 साली निवर्तले. बेर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. 3 मे 1944 रोजी, पंचाण्णव वर्षे पुरी झाली त्या दिवशी, कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय पद अर्पण केले. ज्या पिढीतील मुलींना विद्यापीठाचा उंबरठा ओलांडता आला नव्हता, त्या पिढीतील एका स्त्रीचा हा गौरव होता. अवघ्या दोन दिवसांनी, 5 मे रोजी, लाडेनबुर्ग येथील घरी त्यांनी देह ठेवला. त्यांनी ज्या मार्गाने प्रवास केला, तो 2008 पासून त्यांच्या नावाने ओळखला जातो.

बेर्थाबाईंच्या नावावर पेटंट नाही. परंतु दोष दिसला म्हणजे हताश न होता तो नीट पाहावा, हाती असेल त्या साधनाने दूर करावा आणि तो पुन्हा उद्भवू नये म्हणून निःसंकोच सांगावा, ही शास्त्रज्ञाची वृत्ती त्यांच्या ठायी पुरेपूर होती. उतारावरून जाणारी एखादी मोटार जेव्हा आवाज न करता, अलगद, हव्या त्या जागी थांबते, तेव्हा खेड्यातल्या एका कारागिराच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या धैर्यशाली स्त्रीचे स्मरण व्हावे, हे उचितच नव्हे काय?