विश्लेषण : अंडाशयातील गाठ पडद्यावर आणणारे इयन डोनाल्ड कोण होते?

ओटीपोटात अचानक तीव्र कळ आली की डॉक्टर गर्भधारणेची चाचणी आणि सोनोग्राफी करायला सांगतात. अंडाशयातील गाठ (सिस्ट) फुटली असेल तर पडद्यावर आक्रसलेली गाठ आणि गर्भाशयामागे साचलेला द्रव दिसतो. कधी गाठ पूर्ण रिकामी झालेली असते आणि फक्त द्रवच उरतो. या तपासणीचा पाया घातला डॉ. इयन डोनाल्ड यांनी.

कारखान्यात गाठी कशासाठी?

१९१० मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मलेले डोनाल्ड दक्षिण आफ्रिकेत शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. जळत्या विमानातून जवानांना बाहेर काढल्याबद्दल त्यांना ‘एमबीई’ हा सन्मान मिळाला. रडार आणि सोनारशी ओळख झाली ती तिथेच. १९५४ मध्ये ते ग्लासगोत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत भरून त्यांनी रेनफ्रूचा बॉयलर कारखाना गाठला. धातूतील भेगा शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र तिथे होते. तुलनेसाठी मांसाचा तुकडाही ठेवला होता. द्रवाने भरलेल्या गाठीतून लहरी आरपार जातात, तर भरीव गाठीतून प्रतिध्वनी येतात, हा फरक स्पष्ट दिसला. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्यासह यंत्र सुधारत गेले.

निर्णायक रुग्ण कोणती?

पोट फुगलेल्या एका महिलेला जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने मात्र अंडाशयाची प्रचंड गाठ दाखवली. ती फुटलेली नव्हती. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, महिला बरी झाली. हसण्यावारी नेणारे सहकारी त्यानंतर गप्प झाले. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध आला.

भारताशी संबंध काय?

डोनाल्ड गर्भपाताचे कट्टर विरोधक होते. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यालाही त्यांनी विरोध केला. त्यांचेच तंत्र भारतात मुलींचे गर्भ पाडण्यासाठी वापरले गेले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाने १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाविरोधात कायदा केला. हृदयावर अनेक शस्त्रक्रिया झालेले डोनाल्ड १९८७ मध्येच वारले होते. गाठ फुटल्याच्या वेदनेने सोनोग्राफी केंद्रात आलेल्या महिलेलाही आज भिंतीवर आधी दिसते ती ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी.