जॉर्ज एव्हरेस्ट

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर तुम्ही सगळे एका सुरात उत्तर द्याल. परंतु ज्यांचे नाव त्या शिखराला दिले आहे, ते जॉर्ज एव्हरेस्ट कोण होते, हे फार थोड्यांना सांगता येते. ते मोठे गिर्यारोहक असतील, असेच पुष्कळांना वाटते. खरे तर ते जमीन मोजणारे अधिकारी होते आणि त्यांची तरुणपणाची कितीतरी वर्षे आजारपणात गेली.

एव्हरेस्ट यांचा जन्म ४ जुलै १७९० रोजी झाला. १८०६ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात नोकरीला लागून भारतात आले. गणितात त्यांची बुद्धी चांगली चालत असे. १८१४ ते १८१६ या काळात त्यांनी जावा बेटाची पाहणी केली. ते काम पाहून १८१८ साली त्यांना हैदराबादला विल्यम लॅम्बटन यांच्या हाताखाली नेमण्यात आले.

लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ भारताची मोजणी सुरू केली होती. ती कशी करीत, ते समजून घ्या. आधी सपाट जमिनीवर साखळीने एक सरळ रेषा मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरचे निशाण पाहायचे आणि थिओडोलाइट या यंत्राने कोन मोजायचे. एक बाजू व दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. हे तुम्ही भूमितीत शिकताच. असा त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माणसे दक्षिणेकडून हिमालयाकडे निघाली होती.

या कामात एक मोठी अडचण होती. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, त्यामुळे दूरची निशाणे दिसत नाहीत. पावसाने हवा धुऊन निघाली, की ती स्वच्छ दिसतात. म्हणून लॅम्बटन पावसाळ्यातच मोजणी करीत. डोळ्यांसाठी हा ऋतू चांगला होता. शरीरासाठी तोच सर्वांत वाईट.

आपल्या मुकुटबनच्या दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. तिचे पाणी वर्धा नदीत, तेथून प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीत जाते. १८१९ च्या पावसाळ्यात एव्हरेस्ट याच गोदावरीच्या आणि कृष्णेच्या मधल्या जंगलात मोजणीसाठी गेले. त्यांच्याबरोबर डॉक्टर व्हॉयसी होते. निशाणे धरणारे, झाडे तोडणारे, ओझी वाहणारे, पहारा करणारे अशी पुष्कळ माणसे होती. दाट झाडी, भरून वाहणारे नाले आणि सतत ओली जमीन. येल्लापुरम या ठिकाणी एव्हरेस्ट यांना ताप आला. व्हॉयसींनाही आला. मग तो सगळ्या छावणीत पसरला आणि सुमारे दीडशे माणसे अंथरुणाला खिळली.

पावसाळ्यात आपल्या वर्गातही चार-दोन जागा रिकाम्या दिसतात. हजेरी घेताना कळते, की अमक्याला बुखार आला आहे. दवाखान्यात रक्त तपासतात, गोळ्या देतात आणि काही दिवसांनी तो मुलगा परत येतो. येल्लापुरमच्या जंगलात असा दवाखाना कोठला? आणि पथकातला डॉक्टर स्वतःच तापाने फणफणलेला. उठून बसण्याची कोणाला ताकद नव्हती, मग चालणार कोण? अखेर हैदराबादहून डोल्या, हत्ती आणि उंट पाठवावे लागले. त्यांच्यावर घालून या लोकांना शहरात आणले. वाटेतच पंधरा जणांचा मृत्यू झाला. जे पोहोचले, त्यांचे चेहरे मुडद्यांसारखे झाले होते.

हा ताप बहुधा हिवताप, म्हणजे मलेरिया असावा. त्या काळी लोक समजत, की कुजलेल्या झाडपाल्याच्या दूषित हवेने तो येतो. डासांवर सहसा कोणाचा संशय नव्हता. सिंकोना झाडाच्या सालीपासून क्विनीन वेगळे काढण्यात आले, ते १८२० साली, पॅरिसमध्ये. मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली दाखवले. गंमत पाहा, रॉस यांनी हा शोध सिकंदराबादला लावला. आजारी माणसांच्या डोल्या ज्या हैदराबादला आल्या, त्याच्या अगदी शेजारी!

एव्हरेस्ट थोडे बरे होताच पुन्हा कामावर गेले आणि पुन्हा आजारी पडले. तेव्हा १८२० साली त्यांना हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला, केप येथे पाठवण्यात आले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. लकाय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पूर्वी तेथे केलेली मोजणी त्यांनी तपासली. डोंगराच्या ओढीमुळे ओळंबा किंचित कलला असावा आणि त्यामुळे चूक झाली असावी, असे त्यांच्या ध्यानात आले. आजारी माणसाने असला उद्योग करावा का, हा प्रश्न वेगळा. पुढे हिमालयाजवळ मोजणी करताना हा विचार फार महत्त्वाचा ठरला.

सुमारे वर्षभराने ते हैदराबादला परतले. इकडे लॅम्बटन सत्तरीकडे झुकले होते आणि खोकल्याने जर्जर झाले होते. हैदराबादहून नागपूरला जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. हे गाव आपल्या उत्तरेला, वणीच्या पलीकडे आहे. लॅम्बटन यांची कबर तेथेच आहे. पुढच्याच वर्षी डॉक्टर व्हॉयसीही तापाने गेले.

आता सगळा भार एव्हरेस्ट यांच्यावर पडला. वऱ्हाडात एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, लॅम्बटन यांनी १८२२ साली शेवटची रेषा मोजली होती. तेथून एव्हरेस्ट यांनी काम उत्तरेकडे सिरोंजपर्यंत नेले. पण हातापायांतली शक्ती गेली होती. दोन माणसे त्यांना उचलून यंत्रापुढच्या खुर्चीत बसवत आणि काम संपल्यावर उचलून खाली ठेवत. यंत्राचा स्क्रू फिरवायचा असला, की त्यांच्या डाव्या हाताला दुसऱ्याने आधार द्यावा लागे. १८२५ साली ते इंग्लंडला गेले आणि १८३० सालीच परत आले.

तापाचे कारण त्यांना कधीच कळले नाही. मात्र पावसाळ्यात जंगलात शिरणे किती महाग पडते, ते त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी कामाची पद्धत बदलली. निशाणाऐवजी रात्री दिवे लावायचे आणि दिवसा आरशाने उन्हाचा झोत पाडायचा. दिवा धुळीतूनही दूरवर दिसतो. त्यामुळे कोरड्या, थंड ऋतूत मोजणी होऊ लागली.

एव्हरेस्ट स्वभावाने तापट होते. हाताखालच्या माणसांवर ते फार रागावत. तरी अर्काटचे सय्यद मीर मोहसिन यांच्यावर त्यांचा मोठा विश्वास होता. मोजणीची नाजूक यंत्रे दुरुस्त करण्यात मोहसिन यांचा हातखंडा होता. १८४१ साली सुमारे २४०० किलोमीटर लांबीची ती मोजणी पूर्ण झाली आणि १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त होऊन मायदेशी गेले.

शिखराला त्यांचे नाव द्यावे, असे त्यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू वॉ यांनी १८५६ साली सुचवले. एव्हरेस्ट यांना ते पसंत नव्हते. येथील लोकांना हे नाव नीट उच्चारता येणार नाही आणि फारसी किंवा हिंदीत लिहिताही येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही १८६५ साली तेच नाव कायम झाले. १ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या घरात आडनावाचा उच्चार ईव्हरेस्ट असा करीत. आपल्या उर्दूच्या वहीत ते लिहून पाहा बरे.