३० वर्षे, २० खंड अन् हाती शून्य : छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांची कहाणी

अमेरिकेतल्या आदिवासींची गावं, त्यांचे कोरीव खांब आणि जुनी जाणती माणसं यांचे तब्बल ४० हजार फोटो काढणारे एडवर्ड कर्टिस १९ ऑक्टोबर १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथे मुलीच्या घरी वारले. वय ८४. ज्यांच्या ग्रंथाला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी प्रस्तावना लिहिली, त्यांच्या मरणाची बातमी न्यूयॉर्कच्या पेपरात मोजक्या ओळींत उरकली गेली.

कर्टिस यांचा जन्म १८६८ चा, विस्कॉन्सिन राज्यातला. वडील यादवी युद्धातून परतलेले सैनिक, तब्येतीने खचलेले. गरिबीमुळे शाळा लवकर सुटली. फोटोचं वेड मात्र असं की पोराने पहिला कॅमेरा स्वतःच्या हाताने बनवला. १८८७ मध्ये बापलेक पश्चिम किनाऱ्यावर आले. पुढे वडील गेले आणि घराचा भार एडवर्डवर पडला. तरी त्यांनी १५० डॉलर उभे करून सिएटल शहरातल्या एका फोटो स्टुडिओत भागी घेतली.

ज्या आदिवासी सरदाराच्या नावावरून सिएटलला नाव मिळालं, त्याची म्हातारी मुलगी किकिसोब्लू तेव्हा त्याच शहरात एका झोपडीत राहत होती. लोकांची धुणी धुवायची, समुद्रकाठचे शिंपले वेचायची. कर्टिस यांनी तिला एका फोटोमागे एक डॉलर दिला. सुरकुतलेला चेहरा, डोक्याला रुमाल, हातात काठी. आदिवासींचे फोटो काढण्याची सुरुवात या आजीपासून झाली.

१८९९ मध्ये रेल्वेसम्राट हॅरिमन यांनी शास्त्रज्ञांना घेऊन अलास्काची मोठी जहाजसफर काढली. फोटोग्राफर म्हणून कर्टिस यांना नेलं. परतीच्या वाटेवर केप फॉक्स इथं टलिंगिट लोकांचं एक गाव लागलं. माणसं दुसरीकडे राहायला गेलेली, पण कोरीव खांब जागेवर उभे. हे टोटेम खांब म्हणजे सीडरच्या उंच झाडाचा अख्खा बुंधा कोरलेला. त्यावर गरुड, अस्वल, डोमकावळा अशी कुळाची चिन्हं असतात. आपल्याकडे लग्नात देवक असतं ना, तसंच काहीसं. त्यांची पूजा होत नाही. कुळाची कहाणी आणि हक्क त्यावर कोरलेले असतात. गाव रिकामं दिसलं म्हणून सफरीच्या मंडळींनी खांब उपटून जहाजावर चढवले आणि पुढे संग्रहालयांना दिले. मालकांना कुणी विचारलं नाही. त्या गावाचे अन् मंडळींचे फोटो कर्टिस यांच्याच कॅमेऱ्यात आहेत.

पुढच्याच वर्षी मोंटाना भागात पिगन लोकांचा सूर्यनृत्याचा सोहळा त्यांनी पाहिला आणि मनाशी पक्कं केलं. जुनी माणसं आहेत तोवर सगळ्या जमातींचं लिहून, टिपून ठेवायचं. १९०६ मध्ये बँकवाले जे. पी. मॉर्गन यांनी ५ वर्षांत मिळून ७५ हजार डॉलर कबूल केले. पैसा कामाला, कर्टिस यांना पगार नाही. म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. नियोजन ५ वर्षांचं, काम चाललं १९३० पर्यंत. ८० हून अधिक जमाती, २० खंड आणि गाणी व भाषा यांची मेणाच्या नळकांड्यांवर हजारो ध्वनिमुद्रणं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांवर १९१५ चा दहावा खंड आहे. तिथं त्यांना जॉर्ज हंट भेटले. बाप इंग्रज, आई टलिंगिट, वाढले याच लोकांत. घरांपुढचे खांब, होड्या, मुखवटे, म्हातारी मंडळी, सगळीकडे हंट यांची ओळख कामी आली. दोघांनी १९१४ मध्ये सिनेमाही काढला. तेव्हा कॅनडा सरकारने पॉटलॅचवर, म्हणजे जेवणावळ आणि दानाच्या मोठ्या समारंभावर, बंदी घातलेली होती. ती १९५१ पर्यंत टिकली. बंदीच्या काळात ते नाच कॅमेऱ्यापुढे झाले.

पण कर्टिस यांचे सगळेच फोटो जसंच्या तसं सत्य नाहीत. सिनेमासाठी लोकांना जुन्या पद्धतीचे कपडे आणि केसांचे टोप घालायला लावले. एका पिगन तंबूतल्या फोटोत दोन माणसांच्या मधोमध घड्याळ होतं. छापताना ते खोडलं. आदिवासी जुन्या काळातलेच दिसावेत, हा त्यांचा हट्ट. प्रत्यक्षात ती माणसं आपल्या काळात जगत होती, घड्याळ वापरत होती. ही टीका आजही होते आणि ती खोटी नाही.

या कामात संसार मोडला. वर्षानुवर्षे बाहेर राहणाऱ्या नवऱ्याला कंटाळून पत्नी क्लारा यांनी घटस्फोट घेतला. स्टुडिओ त्यांच्याकडे गेला. काचेच्या अनेक निगेटिव्ह पत्नीच्या हाती लागू नयेत म्हणून फोडल्या, असं सांगतात. १९२७ मध्ये अलास्काहून परतताच पोटगी थकल्याबद्दल सिएटलमध्ये अटक झाली. ५०० संच विकायचे ठरले होते, ३०० सुद्धा खपले नाहीत. हक्क मॉर्गन घराण्याकडे गेले. त्यांनी १९३५ मध्ये उरलेले संच, तांब्याचे ठसे आणि हक्क सगळं मिळून १ हजार डॉलरला बोस्टनच्या एका पुस्तकवाल्याला विकलं.

१९७० च्या दशकात हे फोटो पुन्हा उजेडात आले. क्वाक्वाकावाक्व लोकांनी जुन्या मूक सिनेमाला स्वतःच्या आवाजात गाणी आणि बोलणं दिलं. आज फोटोतल्या माणसांची नातवंडं, पतवंडं त्यात आपल्या घरातले चेहरे शोधतात.

आणि केप फॉक्सचे ते खांब? २००१ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयांनी ते टलिंगिट वंशजांना परत केले. खांब नेले त्याला तेव्हा १०२ वर्षं झाली होती.