अर्ध्यावर थांबलेला हात

नाझी राजवटीची ती सुरुवातीची वर्षे. जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात धातुसंशोधनाच्या एका नव्या संस्थेचे उद्घाटन होते. भाषणासाठी उभे राहिले पंचाहत्तरी ओलांडलेले, कृश बांध्याचे, काळ्या पोशाखातले मॅक्स प्लँक. सरकारी दंडकानुसार प्रत्येक भाषणाची सुरुवात हात उंचावून हिटलरच्या जयघोषाने करावी लागे. प्लँक यांनी हात जेमतेम मेजाच्या उंचीपर्यंत नेला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. सभागृह श्वास रोखून पाहत होते. तिसऱ्या खेपेस मात्र हात वर गेला आणि ते शब्दही उमटले. तिथे उपस्थित असलेले भौतिकशास्त्रज्ञ पॉल एवाल्ड यांनी हा प्रसंग पुढे सांगितला. त्यांच्या मते दुसरा मार्गच नव्हता. नकार दिला असता तर संपूर्ण संस्था धोक्यात आली असती.

पुंजभौतिकीचा पाया घालणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या उत्तरायुष्याचे सारे सार त्या दोनदा खाली आलेल्या आणि अखेर वर गेलेल्या हातात सामावलेले आहे. विज्ञानाने राजकारणापासून अलिप्त राहावे, हे त्यांचे आयुष्यभराचे सूत्र होते. हे सूत्र त्यांनी निष्ठेने पाळले. त्याची किंमत किती होती, हे मात्र त्यांना फार उशिरा उमगले.

प्लँक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कील येथे झाला. आजोबा आणि पणजोबा धर्मशास्त्राचे प्राध्यापक, वडील कायद्याचे. कर्तव्य, सचोटी आणि राज्यसंस्थेविषयी आदर यांचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. १८६७ मध्ये कुटुंब म्युनिकला आले. संगीतात त्यांना उत्तम गती होती. पण त्यांनी भौतिकशास्त्र निवडले. या विषयात आता शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही, असा सल्ला म्युनिकचे प्राध्यापक फिलिप फॉन योली यांनी दिला होता. नवे शोध लावण्याची आपली इच्छाच नाही, असलेले ज्ञान नीट समजून घेतले तरी पुरे, अशी तरुण प्लँक यांची त्यावर भूमिका होती.

क्रांती घडवण्याची जराही हौस नसलेल्या याच माणसाच्या हातून विज्ञानातील मोठी क्रांती घडली. १८८९ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात आले. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचे कोडे सोडवताना ऊर्जा अखंड प्रवाहासारखी नसून ठरावीक हिश्श्यांतच घेतली-दिली जाते, असे गृहीत धरण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये जर्मन भौतिकशास्त्र परिषदेपुढे त्यांनी ही मांडणी केली. तो दिवस पुंजसिद्धांताचा जन्मदिवस मानला जातो. १९१८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले. पुढे १९२४ मध्ये ढाका येथून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लँक यांचे सूत्र अगदी नव्या रीतीने सिद्ध केले आणि पुंज-सांख्यिकीचे दालन उघडले.

अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचे मोल सर्वप्रथम ओळखणाऱ्यांत प्लँक होते. त्यांना बर्लिनला आणण्यासाठी प्लँक आणि वाल्थर नेर्न्स्ट १९१३ मध्ये स्वतः झुरिकला गेले. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. आइनस्टाइन युद्धविरोधी, राष्ट्रवादाची चीड असणारे. प्लँक सनातनी वळणाचे, राजनिष्ठ. तरीही त्यांची मैत्री जमली. दोघांच्या संगीताच्या मैफलीही रंगत.

या मैत्रीची पहिली कसोटी १९१४ मध्ये लागली. महायुद्ध पेटले. बेल्जियममधील जर्मन सैन्याच्या अत्याचारांचा इन्कार करणारे आणि लष्कराची पाठराखण करणारे एक पत्रक ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर जर्मनीतील ९३ विद्वान-कलावंतांची नावे होती. त्यात प्लँक यांचेही होते. आइनस्टाइन त्यापासून दूर राहिले. पुढे प्लँक यांना या कृतीचा पश्चात्ताप झाला. १९१६ मध्ये त्यांनी हॉलंडचे हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांना उद्देशून खुले पत्र लिहिले. प्रत्येक जर्मन कृतीचे समर्थन आपल्याला अभिप्रेत नाही आणि ज्ञान व नीती यांची काही क्षेत्रे राष्ट्रांच्या झगड्यांपलीकडची आहेत, असा त्याचा आशय होता. शत्रुराष्ट्रांतील सभासदांना प्रशियाच्या विज्ञान अकादमीतून काढून टाकण्याचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी आपले वजन विरोधात टाकले आणि ती हकालपट्टी टळली.

विज्ञानसंस्थेला राजकारणाच्या वादळातून सुखरूप बाहेर काढता येते, हा धडा त्यांनी त्या काळात घेतला. वैयक्तिक आयुष्यात मात्र त्याच वर्षांनी त्यांना उद्ध्वस्त केले. थोरला मुलगा कार्ल १९१६ मध्ये वेर्दांच्या रणभूमीवर पडला. जुळ्या मुलींपैकी ग्रेटे १९१७ मध्ये आणि एम्मा १९१९ मध्ये बाळंतपणात दगावल्या. पहिली पत्नी मारी १९०९ मध्येच गेली होती. पहिल्या विवाहातील एर्विन हा एकच मुलगा उरला. प्लँक यांनी दुःख कामात बुडवले. युद्धोत्तर हलाखीत, १९२० मध्ये जर्मन विज्ञानासाठी तातडीचा मदतनिधी उभारण्यात फ्रित्झ हाबर आदींच्या बरोबरीने त्यांचाही वाटा होता. अकादमीचे स्थायी सचिवपद त्यांच्याकडे १९१२ पासून होते. १९३० मध्ये कैसर विल्हेल्म सोसायटी या देशातील अग्रगण्य संशोधनसंस्थेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. जर्मन विज्ञानाचा कुटुंबप्रमुख म्हणून सारे त्यांच्याकडे पाहू लागले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलला सरकारी सेवेच्या ‘पुनर्स्थापने’चा कायदा झाला आणि ज्यू प्राध्यापक, संशोधकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. आइनस्टाइन तेव्हा परदेशात होते. त्यांनी नव्या राजवटीचा उघड निषेध केला आणि अकादमी आपल्याला काढणार हे ओळखून मार्चअखेर स्वतःच राजीनामा दिला. त्यांच्या जाण्याचे अकादमीला दुःख नाही, असे निवेदन अकादमीच्या वतीने निघाले, तेव्हा प्लँक सुटीसाठी इटलीत होते. परतल्यावर मे महिन्यात त्यांनी अकादमीच्या बैठकीत आइनस्टाइन यांच्या कार्याची तुलना केप्लर आणि न्यूटन यांच्याशी केली आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेतली. पण त्याच निवेदनात, आइनस्टाइन यांच्या राजकीय वर्तनामुळेच त्यांचे अकादमीत राहणे अशक्य झाले, असेही त्यांनी म्हटले. मित्राच्या प्रतिभेला न्याय आणि मित्राच्या धैर्याला दोष, असे ते विचित्र मिश्रण होते. आइनस्टाइन यांनी अन्यायाविरुद्ध बोलणे हे ‘राजकारण’ ठरले; अकादमीचे मौन मात्र ‘तटस्थता’ ठरली.

हाबर यांची कहाणी अधिक विदारक. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची किमया करणारे, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी विषारी वायू सिद्ध करणारे हे कडवे देशभक्त जन्माने ज्यू होते. युद्धसेवेमुळे कायद्यातील सवलत त्यांना लागू होती. परंतु आपल्या संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना काढण्याचे काम त्यांच्यावर आले. त्यांनी ते नाकारून ३० एप्रिलला राजीनामा दिला. मे महिन्यात प्लँक हिटलरला भेटले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार त्यांनी हाबर यांच्यासाठी रदबदली केली आणि गुणी ज्यूंना हाकलल्यास जर्मनीचेच नुकसान होईल, असे सांगून पाहिले. हिटलर ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो संतापाने बेभान झाला आणि प्लँक यांना निमूट बाहेर पडावे लागले. या वृत्तांताच्या तपशिलांबाबत इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. भेट निष्फळ ठरली, यात मात्र दुमत नाही.

त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ ओट्टो हान यांनी एक कल्पना मांडली. नामवंत प्राध्यापकांनी एकत्र येऊन ज्यू सहकाऱ्यांवरील अन्यायाचा जाहीर निषेध करावा, असे त्यांना वाटत होते. प्लँक यांनी त्यांना परावृत्त केले. आज तीस जण निषेधाला उभे राहिले, तर उद्या त्यांच्या जागा मिळवण्यासाठी दीडशे जण पुढे येतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता, हीच खरी शोकांतिका. तरुण वर्नर हायझेनबर्ग सल्ला मागायला आले, तेव्हाही त्यांनी देश न सोडता वादळ सरेपर्यंत विज्ञानाची छोटी छोटी बेटे जपण्यास सुचवले. अर्विन श्रोडिंगर यांनी मात्र, ते ज्यू नसतानाही, प्लँक यांच्यानंतर मिळालेले बर्लिनचे अध्यासन त्याच वर्षी सोडले.

प्लँक अगदीच गप्प बसले असे नाही. हाबर जानेवारी १९३४ मध्ये परदेशात, बाझल येथे निधन पावले. वर्षभराने, २९ जानेवारी १९३५ रोजी, प्लँक यांनी बर्लिनमध्ये त्यांची स्मृतिसभा ठेवली. शिक्षण मंत्रालयाने प्राध्यापकांना हजर राहण्यास मनाई केली. तरीही सभा झालीच. येऊ न शकलेल्या अनेक प्राध्यापकांच्या पत्नी आल्या, उद्योगक्षेत्रातील मंडळी आली. लिझ माइटनरही आल्या. हान यांनी भाषण केले. सभागृह भरले होते. एवढे धाडस त्या काळात थोडके नव्हते. पण हे धाडस मृतासाठी होते. जिवंत हाबर यांच्यासाठी संस्थेचे दार बंद झाले होते.

संस्था वाचवण्यासाठी प्लँक यांनी एकेक पाऊल मागे घेतले. ज्यू कर्मचारी काढले गेले. हिटलरला निष्ठेची तार गेली. काही जणांना थोडे अधिक दिवस टिकवता आले, काहींना परदेशी जागा मिळवून देता आली. दुसरीकडे, याच सोसायटीच्या छत्राखाली मानववंशशास्त्राची संस्था चालवणारे ऑयगेन फिशर आणि मानसोपचार संशोधनाचे प्रमुख अर्न्स्ट र्‍यूडिन वंशशुद्धीच्या धोरणाला विज्ञानाची मान्यता मिळवून देत होते. जुलै १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यावरील अधिकृत भाष्याच्या लेखकांत र्‍यूडिन होते. तटस्थतेच्या कुंपणाआड ज्यू शास्त्रज्ञांना जागा उरली नाही. राजवटीच्या विचारसरणीला मात्र खुशाल प्रवेश मिळाला.

तरीही सत्ताधाऱ्यांचे समाधान झाले नाही. ‘जर्मन भौतिकशास्त्रा’चा पुरस्कार करणारे फिलिप लेनार्ड आणि योहान्नेस श्टार्क हे दोन नोबेलविजेते सापेक्षता आणि पुंजसिद्धांत यांच्या पाठीराख्यांवर तुटून पडले. प्लँकही त्यातून सुटले नाहीत. १९३७ मध्ये त्यांनी सोसायटीचे अध्यक्षपद सोडले आणि १९३८ मध्ये अकादमीच्या सचिवपदावरूनही ते दूर झाले. ज्या संस्थांसाठी त्यांनी मान झुकवली, त्या संस्था अखेर त्यांच्या हाती राहिल्या नाहीत.

युद्धाने उरलेसुरलेही नेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये हवाई हल्ल्यात बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड भागातील त्यांचे घर बेचिराख झाले. ग्रंथसंग्रह, रोजनिशा, आयुष्यभराचा पत्रव्यवहार, सारे जळाले. त्याच वर्षी २० जुलैला हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसला आणि कटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून एर्विनला अटक होऊन देहान्ताची शिक्षा झाली. ८६ वर्षांच्या पित्याने हिटलरला पत्र लिहिले. आपले जीवनकार्य हे जर्मनीचे अविनाशी वैचारिक धन ठरले आहे. त्याबद्दलची राष्ट्राची कृतज्ञता म्हणून मुलाचे प्राण द्यावेत, एवढीच ती याचना होती. २३ जानेवारी १९४५ रोजी बर्लिनच्या प्लोत्झेनझे तुरुंगात एर्विनला फाशी देण्यात आले. राजकारणापासून दूर राहिलेल्या बापाच्या दारात राजकारण असे येऊन उभे राहिले. एर्विन हा प्लँक यांचा केवळ मुलगा नव्हता, जवळचा मित्रही होता.

युद्धाच्या अखेरीस अमेरिकनांनी प्लँक यांना एल्बेकाठच्या रणधुमाळीतून काढून गटिंगनला नेले. तिथे खचलेल्या शरीराने त्यांनी पुन्हा एकदा सोसायटीची धुरा तात्पुरती खांद्यावर घेतली. नंतर ती हान यांच्याकडे सोपवली. जुलै १९४६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने न्यूटन यांच्या जन्मत्रिशताब्दीचा लांबलेला सोहळा केला, तेव्हा त्यांना जर्मनीतून सन्मानाने बोलावणे आले. कैसरचे नाव विजेत्यांना मान्य नव्हते. त्यामुळे सप्टेंबर १९४६ मध्ये ब्रिटिश विभागात आणि १९४८ मध्ये व्यापक स्वरूपात ही संस्था मॅक्स प्लँक सोसायटी या नावाने पुन्हा उभी राहिली. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी गटिंगन येथे प्लँक यांनी जगाचा निरोप घेतला.

त्या नावाला एक ऋण फेडावे लागले. कैसर विल्हेल्म सोसायटीच्या मानववंशशास्त्र संस्थेचे धागेदोरे युद्धकाळात थेट ऑशविट्झच्या छळछावणीतील योसेफ मेंगेलेपर्यंत पोहोचले होते. त्या वेळी प्लँक अध्यक्ष नव्हते. पण त्यांनी वाचवलेली संस्था तीच होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स प्लँक सोसायटीने इतिहासकारांचा आयोग नेमून आपला भूतकाळ तपासायला घेतला. जून २००१ मध्ये अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी जुळ्यांवरील प्रयोगांतून वाचलेल्यांसमोर उभे राहून क्षमा मागितली.

प्लँक नाझी नव्हते, संधिसाधू तर नव्हतेच. त्यांनी स्वतःसाठी काही मिळवले नाही. गमावले मात्र सर्वस्व. २० मे २०१९ पासून जगभरातील किलोग्रॅमची व्याख्या त्यांच्या नावाच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. निसर्गातील न बदलणाऱ्या राशीचा हा मानकरी माणसांच्या जगातही तसाच एक अचल बिंदू शोधत होता. विज्ञानसंस्था हा तो बिंदू आहे, असे त्यांना वाटले. परंतु संस्था म्हणजे त्यातली माणसे, आणि ती एकेक करून दाराबाहेर जात असताना वाचवण्यासारखे नेमके काय उरते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने मागे ठेवला. श्टुटगार्टच्या सभागृहात दोनदा खाली आलेला तो हात बहुधा त्याच प्रश्नाशी झगडत होता.