वकिली सोडून कुलपे घडवणारा माणूस

द्रोणागिरीच्या सेक्टरांमध्ये नव्या इमारती उभ्या राहत आहेत. फ्लॅटचा ताबा मिळाला की फरशी कोणती, ओट्याला ग्रॅनाइट कोणता, यावर घरात महिनाभर चर्चा होते. दाराचे कुलूप मात्र बिल्डरने बसवले तेच राहते, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात दोन मिनिटांत किंमत बघून उचलले जाते.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाटेल. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात थोडा वेळ बसले तर उत्तर मिळते. रुग्णाला आणायला उशीर का झाला, असे विचारल्यावर नातेवाईक कधी वाहतुकीचे नाव घेतात, तर कधी दाराचे. आजोबा बाथरूममध्ये पडले आणि आतून कडी होती. आई घरात एकटी होती आणि लॅचची दुसरी किल्ली कोणाकडेच नव्हती. हृदय थांबले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढा वेळ तर सुतार शोधण्यातच जातो.

म्हणून आज एका कुलूपकाराची गोष्ट. त्याचे आडनाव महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कपाटावर किंवा किल्लीवर कोरलेले सापडेल. पण हा माणूस कुलपांकडे वळला तो शस्त्रक्रियेची हत्यारे बनवता बनवता, हे थोड्यांना ठाऊक असते.

झांजिबारहून परत

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म 26 मार्च 1868 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. तरुणपणीच त्यांच्यावर मोठा आघात झाला. एप्रिल 1891 मध्ये त्यांची पत्नी बचूबाई आणि तिची एक नातलग मुलगी राजाबाई टॉवरवरून पडून मृत्युमुखी पडल्या. साऱ्या शहराला हादरवणारी ती घटना होती. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

कायद्याचे शिक्षण पूर्ण करून 1894 मध्ये ते एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतल्या झांजिबारला गेले. तिथे त्यांना आपल्याविषयी एक गोष्ट उमगली. आपल्या पक्षकाराची बाजू खरी आहे अशी खात्री नसताना ती खरी म्हणून मांडणे त्यांना जमेना. वकिली सोडून ते मुंबईला परतले आणि एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यक म्हणून काम करू लागले.

त्या दुकानात त्यांचा शस्त्रक्रियेच्या उपकरणांशी संबंध आला. चिमटे, कात्र्या, सुऱ्या सगळे विलायतेहून येत असे. हे इथे का बनू नये, असा विचार करून त्यांनी वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून 3,000 रुपये कर्ज घेतले आणि उपकरणे बनवायला सुरुवात केली. माल चांगला उतरला. एक ब्रिटिश पेढी तो घ्यायलाही तयार होती. अडचण एकाच गोष्टीची होती. उपकरणांवर भारतात बनवल्याचा उल्लेख पेढीला नको होता आणि अर्देशीर तो काढायला तयार नव्हते. व्यवहार मोडला, आणि धंदाही संपला.

डॉक्टर म्हणून मला या प्रसंगात विशेष रस वाटतो. शस्त्रक्रियेच्या चिमट्याची दोन टोके केसभरही चुकली तर रक्तवाहिनी निसटते. धातू किती अचूक घडवावा लागतो हे हा माणूस आमच्या हत्यारांवर शिकला. ती अचूकता पुढे कुलपांत उतरली.

प्लेगच्या वर्षातले कुलूप

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. 1897 उजाडेपर्यंत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले होते. डॉ. हाफकिन यांनी जानेवारीत आपली प्लेगप्रतिबंधक लस स्वतःला टोचून घेतली, ती याच शहरात. मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या अर्देशीर यांच्या वाचनात आल्या त्या याच सुमारास. चांगले कुलूप हवे तर ते परदेशी, आणि बाजारात मिळणारे देशी कुलूप हातघडणीचे. एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची. त्यांनी कामा यांच्याकडून पुन्हा पैसे उभे केले आणि मे 1897 मध्ये लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये डझनभर कारागिरांना घेऊन कुलपांचे काम सुरू केले.

‘अँकर’ नावाच्या त्यांच्या पहिल्या कुलपांसोबत एक हमी दिली जाई. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असेल, एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही. आज हे साधे वाटते. पण कुलपाची सारी किंमत या एका वचनात असते, आणि गिऱ्हाइकाला ते दुकानात तपासून पाहता येत नाही. झांजिबारला ज्याला खोटी बाजू मांडता आली नाही त्याने आता अशी वस्तू विकायला घेतली होती, जिचे सगळे मोल विकणाऱ्याच्या सचोटीवर ठरते.

हे कुलूप चालते कसे? लिव्हरच्या कुलपात आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक असतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतो. सगळ्या पट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली गेली किंवा जास्त, तरी तो अडतो. म्हणून पट्ट्या जितक्या जास्त आणि काम जितके बारीक, तितके कुलूप उघडणे चोराला अवघड.

पुढच्या काळात अर्देशीर यांनी अनेक प्रकारची कुलपे घडवली. त्यांतली तीन आजही आपल्याला उपयोगाचे काही शिकवतात.

पहिले ‘गॉर्डियन’. याच्या दोन प्रकारच्या किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे, पण दुसरीने कुलपाची आतली रचनाच बदलता येई, की पहिली किल्ली निरुपयोगी. नव्या फ्लॅटला हा विचार तंतोतंत लागू पडतो. ताबा मिळेपर्यंत त्या दाराची किल्ली सुपरवायझर, रंगारी, सुतार, प्लंबर अशा किती हातांतून गेली, सांगता येत नाही. राहायला येण्याआधी निदान कुलपाचे सिलिंडर बदलून घ्यावे. सगळे कुलूप बदलायची गरज नसते.

दुसरे ‘डिटेक्टर’. चुकीच्या किल्लीने कोणी छेडछाड केली तर हे कुलूप आतून अडकून बसे आणि मालकाला ते कळे. असे कुलूप इंग्लंडमध्ये चब यांनी 1818 मध्येच बनवले होते. अर्देशीर यांनी ती युक्ती इथल्या गिऱ्हाइकापर्यंत आणली. आपल्या कुलपात अशी सोय नसली तरी किल्ली अचानक अडखळू लागली, भोकाभोवती नवे ओरखडे दिसले, तर दुर्लक्ष करू नये. आजारात लक्षण जे काम करते तेच हे ओरखडे करतात.

तिसरे, बिनस्प्रिंगचे कुलूप. याचे त्यांनी पेटंट घेतले. कुलपातली स्प्रिंग ही सर्वांत नाजूक जागा. ती गंजली, थकली की पट्ट्या जागेवर येत नाहीत आणि खऱ्या किल्लीनेही दार उघडत नाही. मुंबईच्या दमट हवेत हा दोष लवकर उघडा पडतो. उरण-द्रोणागिरीत तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. हवेतले मिठाचे कण लोखंडावर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि गंज लवकर चढतो. म्हणून इथे कुलूप घेताना चकाकीला भुलू नये. अंग पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे. उघड्या गॅलरीच्या किंवा टेरेसच्या दाराला 316 प्रतीचे स्टील मिळाले तर उत्तम, कारण त्यातले मॉलिब्डेनम मिठाला तोंड देते. घरात पद्धत असते म्हणून कुलपात खोबरेल घालू नये. ते धूळ धरते आणि थंडीत थिजते. ग्रॅफाइटची पूड वर्षातून एक-दोनदा पुरते.

तिजोरी, साबण आणि द्राक्षे

1902 मध्ये अर्देशीर यांनी पहिली तिजोरी बनवली. चोर आणि आग या दोन्हींना तोंड देईल अशी तिजोरी बनवणे हे कुलपापेक्षा फार अवघड काम. 1925 मध्ये कलकत्त्यात धरमतल्ला भागात मोठी आग लागली तेव्हा त्यांच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिला, आणि नाव देशभर पोहोचले.

दरम्यान 1918 मध्ये त्यांनी साबण बाजारात आणला. त्या काळच्या साबणात सर्रास जनावरांची चरबी असे, आणि त्यामुळे अनेक घरे तो वापरत नसत. अर्देशीर यांनी वनस्पती तेलांपासून साबण बनवला आणि नाव ठेवले ‘चावी’! साबणाने हात धुण्यासारखा स्वस्त आणि खात्रीचा रोगप्रतिबंधक उपाय नाही. जे घर साबणाला दार बंद करून बसले होते तिथे तो पोहोचणे, ही आरोग्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी 3 लाख रुपये दिले. पण स्वदेशीच्या नावाखाली कमअस्सल माल खपवणे त्यांना मान्य नव्हते. देशी वस्तू परदेशी वस्तूच्या तोडीची असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ज्यांनी सुरुवातीला पैसे दिले त्या कामांच्या बॉइस नावाच्या भाच्याला त्यांनी भागीदार करून घेतले. भाचा फार काळ राहिला नाही, पण त्याचे नाव कंपनीच्या पाटीवर राहिले ते आजतागायत. पुढे कारभार धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून अर्देशीर नाशिकला गेले, शेतीत आणि द्राक्षांत रमले. जानेवारी 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीतून निघालेल्या त्यांच्या कंपनीच्या तिजोऱ्यांतले कागद सुरक्षित होते. ते पाहायला अर्देशीर नव्हते.

घरच्या दाराशी

चोराला अडवणे हे कुलपाचे निम्मे काम. घरच्या माणसाला, शेजाऱ्याला, रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाला वेळेवर आत येऊ देणे हे उरलेले निम्मे. दुकानात विचारताना आपण पहिल्या निम्म्यावरच थांबतो. म्हणून एवढे पाहावे:

• मुख्य दाराचे कुलूप आतून किल्लीशिवाय, नुसती मूठ फिरवून उघडले पाहिजे. आग लागली तर धुरात किल्ली सापडत नाही. सेफ्टी डोअरला रात्री आतून टाळे लावत असाल तर त्याची किल्ली दाराजवळ, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या खिळ्यावर हवी.

• बाथरूमला कडी नको. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारे लॅच मिळते, ते बसवा. दार बाहेर उघडणारे असेल तर आणखी बरे. पडलेला माणूस दाराला टेकला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

• बोल्ट दाराच्या फळीतून चौकटीत खोल गेला पाहिजे आणि चौकटीतली पट्टी लांब स्क्रूंनी बसवलेली हवी. महाग कुलूप आणि अर्ध्या इंचाचे स्क्रू असतील तर एका लाथेत दार उघडते.

• बॅटरीवरचे डिजिटल कुलूप घ्यायचे तर साधी किल्ली लागण्याची सोय असलेलेच घ्या, आणि ती किल्ली घराबाहेर विश्वासू हाती ठेवा.

• वृद्धांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर जाऊ नये. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण भटकेल ही भीती खरी आहे. पण त्यावर दार उघडताच वाजणारी घंटा आणि खाली वॉचमनला दिलेली सूचना हा उपाय आहे. कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे.

• एक जादा किल्ली त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे असू द्या, आणि 108 क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

नवे कुलूप घेताना दुकानदाराला किती लिव्हर, कोणता धातू आणि जादा किल्ल्या किती, हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. बाथरूमची कडी तर आज संध्याकाळीच काढता येईल.