घोणस या सापाला ज्यांचं नाव मिळालं, ते डॉक्टर रसेल कोण होते?

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. अशा पाणवठ्याच्या आसपास, उसात किंवा झुडपात अंगावर मोठे डाग असलेला जाडजूड साप दिसला, की पहिला प्रश्न पडतो, हा अजगर की घोणस? अजगर बिनविषारी, तर घोणस अतिविषारी. विषारी साप ओळखायचा कसा, या प्रश्नामागे सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक स्कॉटिश डॉक्टर लागले होते. त्यांचं नाव पॅट्रिक रसेल.

रसेल यांचा जन्म एडिंबरोचा. तरुणपणी ते सीरियातल्या अलेप्पो शहरात डॉक्टर होते. तिथे 1760 च्या सुमारास प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी रोगाचा बारकाईने अभ्यास केला. पुढे त्यांचा भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला निघाला, त्याच्यासोबत तेही भारतात आले. 1785 मध्ये कंपनीने त्यांना निसर्ग अभ्यासक म्हणून नेमलं.

इथे साप चावून माणसं मरत होती आणि प्रतिविष अजून जन्मालाच आलं नव्हतं. रसेल यांनी लोकांकडून साप मिळवले, त्यांची स्थानिक नावं लिहून घेतली, पोटावरचे आणि शेपटीखालचे खवले मोजले, विषदंत तपासले. कोणाचं विष किती घातक, हे पाहायला कुत्र्या-कोंबड्यांवर प्रयोग केले. सर्पदंशावर तेव्हा सोमल घातलेली तंजावरची गोळी प्रसिद्ध होती, तीही त्यांनी तपासून पाहिली.

1796 मध्ये त्यांचा भारतीय सापांवरचा चित्रांसह ग्रंथ आला. त्यात घोणस ‘कटुक रेकुला पोडा’ या, तर अजगर ‘पेद्दा पोडा’ या तेलुगू नावाने आहे. पुढच्याच वर्षी घोणशीच्या शास्त्रीय नावात रसेल यांचं नाव आलं. इंग्रजीत आजही ती ‘रसेल्स व्हायपर’ आहे. 1805 मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. ते अविवाहित होते.

त्यांचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल डागांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात आणि डोक्यावर बाणासारखी खूण असते. अजगर पट्टीचा पोहणारा. तो पाण्याजवळ दबा धरून बसतो आणि उंदीर, ससे, पक्षी यांना विळख्यात आवळून मारतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवत त्यांना ऊब देते.

अजगराला घोणस समजून मारलं, तर उंदीर खाणारा आणि कायद्याने संरक्षण दिलेला प्राणी जातो. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात लावला, तर माणूस जातो. म्हणून ओळख पटो न पटो, लांब राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. दंश झालाच, तर थेट दवाखाना गाठायचा. रसेल यांच्या काळात नसलेलं प्रतिविष आज तिथे मिळतं.