आल्प्सचे घाट मारणारा फाउस्टो कोप्पी मलेरियानं गेला, तोही चाळिशीत

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात बाजी मारणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इटलीतल्या जुन्या माणसांना घाटाचा राजा विचारलात, तर बहुतेक एकच नाव येईल. फाउस्टो कोप्पी.

१९१९ साली कास्तेल्लानिया या डोंगरातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्म. पोरवयातच तो नोवी लिगुरेमधल्या खाटकाकडं कामाला लागला. काम काय, तर सायकलवरून घरोघरी मटण पोचवायचं. तिथंच त्याला बियाजो काव्हान्ना भेटला. हा मालिशवाला डोळ्यांनी आंधळा होता, पण नुसते पाय चाचपून गड्यात किती दम आहे ते ओळखायचा अशी त्याची ख्याती. कोप्पीला घडवलं ते त्यानंच.

१९४० साली इटलीची सगळ्यात मोठी शर्यत, जिरो दितालिया, कोप्पीनं विसाव्या वर्षी जिंकली. खरं तर तो संघात होता जिनो बार्तालीला मदत करायला! ९ जूनला शर्यत संपली आणि १० जूनला मुसोलिनीनं युद्धात उडी घेतली. १९४२ मध्ये त्यानं तासाभरात ४५.७९८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी तो सैनिक म्हणून ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती सापडला. ऐन उमेदीची वर्षं युद्धात आणि कैदेत गेली.

सुटून आल्यावर मात्र गडी सुसाट सुटला. १९४६ ची मिलान-सान रेमो त्यानं १४ मिनिटांच्या फरकानं मारली. १९४९ च्या जिरोमधला कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा तर दंतकथाच झाला. पाच घाट, १९२ किलोमीटर एकट्यानं, आणि दुसरा आलेला बार्ताली जवळपास १२ मिनिटं मागं. त्याच वर्षी त्यानं टूर दी फ्रान्सही जिंकली. एकाच वर्षात दोन्ही जिंकणारा तो पहिलाच. १९५२ ला पुन्हा तेच केलं. एकूण पाच जिरो, दोन टूर आणि १९५३ ची जागतिक स्पर्धा.

मधल्या काळात भाऊ सेर्से शर्यतीत पडून गेला. पुढं विवाहित जुलिया ओक्किनीवरच्या प्रेमापायी कोप्पी कोर्टात उभा राहिला, कारण तेव्हा इटलीत व्यभिचार हा गुन्हा होता.

डिसेंबर १९५९ मध्ये तो अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला गेला. थोडी शर्यत, थोडी शिकार. परतल्यावर ताप भरला. आपल्या सोलापूरजवळच्या कुंभारीतसुद्धा थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर आधी मलेरियासाठी रक्त तपासायला लावतात. इटलीतल्या डॉक्टरांना मात्र ते सुचलं नाही आणि भलत्याच आजारावर उपचार झाले. २ जानेवारी १९६० ला, वयाच्या ४० व्या वर्षी कोप्पी गेला.

त्याच सहलीत सोबत असलेला फ्रेंच सायकलपटू राफाएल जेमिनियानीही तापानं बेशुद्ध पडला होता. फ्रान्समध्ये त्याचं रक्त तपासलं, मलेरिया सापडला, औषध मिळालं आणि तो वाचला. तो २०२४ साली गेला, ९९ वर्षांचा होऊन.